खाणीतली खोली

१

कचेरीत तिला सगळे घार म्हणत. तोंडावरही म्हणत आणि ती ओ देई. नावात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर आकाशातून खाली बघायचं आणि जमिनीवरची घाण हेरायची, हेच तिचं काम होतं. उपग्रहानं काढलेली शहराभोवतालची चित्रं सकाळी तिच्या पडद्यावर येत. आधी एक प्रोग्रॅम त्यांच्यावरून नजर फिरवी आणि कुणी चोरून कचरा टाकल्याचा संशय आला, की तिथं लाल चौकोन काढून ठेवी. चौकोनाखाली दोन बटणं असत, 'खरं' आणि 'खोटं'. घारीनं 'खरं' दाबलं की चौकोन हिरवा होई आणि दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यांचा लोडर त्या जागी पोचे. 'खोटं' दाबलं की चौकोन पुसला जाई, आणि मग प्रोग्रॅम त्या जागेकडे पुन्हा ढुंकूनही बघत नसे.

कचेरी सुटेपर्यंत तिनं काहीच दाबलं नाही, तर प्रोग्रॅम आपल्या अकलेनं उत्तर देऊन मोकळा होई. ही अक्कल त्यानं घारीकडूनच उचललेली. इतकी वर्षं ती कशाला खरं म्हणते, कशाला खोटं म्हणते, ते बघून बघून तो शिकला होता. "आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल, तुमच्या मनातलं तो ओळखतो," असं साहेब म्हणत. हा विनोद साहेबांना फार आवडायचा, त्यामुळे तो दर आठवड्याला ऐकावा लागे.

कामाची खरी गोम सावलीत होती. वरून बघताना वस्तू ओळखू येत नाही, तिची सावली ओळखू येते. माणूस म्हणजे एक फिकट ठिपका, पण सावली त्याला उभा करते. उपग्रह शहरावरून जाई तो नेहमी सकाळी, सूर्य पूर्वेला असताना, म्हणून चित्रातली झाडून सगळी सावली पश्चिमेकडे पडलेली. घारीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिचे वडील, आप्पा, जन्मभर चित्रकलेचे मास्तर होते. लहानपणी तिनं कागदावर रेघ ओढायला घेतली, की ते म्हणायचे, "आधी उजेड कुठून येतो ते ठरव. मग वस्तू काढ."

त्या दिवशी एक लाल चौकोन शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत उमटला. खाणीचा तळ सपाट आणि पांढुरका होता आणि त्यावर एक गडद आयत दिसत होता. तिनं चित्र मोठं केलं. मापावरून कपाट असावं. गेल्या रविवारीच तिनं आप्पांचं लाकडी कपाट एका टेम्पोवाल्याच्या हवाली केलं होतं, आणि कुठं टाकणार हे त्याला विचारलं नव्हतं. उत्तर नको असलं की माणूस प्रश्न विचारत नाही. गावभरचा चोरटा कचरा शोधणारीनं आपल्या घरचं कपाट असं वाऱ्यावर सोडावं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लोडर तिथं गेला असता, तर कपाटाच्या दाराआतलं आप्पांच्या हातचं वळणदार नाव सगळ्यांनी वाचलं असतं. कचेरीत हसता हसता लोकांची पुरेवाट झाली असती. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि 'खोटं' दाबलं. नोकरीत पहिल्यांदाच तिनं जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं होतं.

चौकोन पुसला जाता जाता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. खाणीच्या कडांच्या आणि झुडपांच्या सावल्या पश्चिमेकडे पडल्या होत्या. कपाटाची मात्र पूर्वेकडे पडली होती.

२

घरी आली तेव्हा शेजारच्या काकू आप्पांपाशी बसलेल्या होत्या. दिवसा त्या आप्पांकडे बघत, घार आली की उठत, आणि जाता जाता दिवसाचा गोषवारा सांगत. आज आप्पा दोनदा चपला घालून दाराशी गेले होते. गॅसला हात लावला नव्हता. जेवले बरे.

आप्पांच्या खोलीला पश्चिमेची एकच खिडकी होती आणि संध्याकाळी तिच्यातून ऊन थेट आत येई. कपाट होतं तिथं भिंतीचा रंग अजून नवा होता. आप्पा खाटेवर बसून त्या नव्या रंगाकडे बघत होते.

"माझं कपाट?"

"पॉलिशला दिलंय, आप्पा."

"बरं केलंस. कोपरे उडाले होते." त्यांनी मान डोलावली. "फक्त उन्हात ठेवू नका म्हणावं. लाकूड तडकतं."

ती हो म्हणाली. हल्ली ती सगळ्याला हो म्हणायची. तिचा थोरला भाऊ, दादा, दुसऱ्या शहरात होता आणि त्यानंच म्हाताऱ्यांची एक संस्था शोधून काढली होती. हवेशीर खोल्या, रात्रंदिवस नर्स. पुढच्या महिन्यात आप्पांना तिकडं न्यायचं ठरलं होतं, आणि यात तिला वाईट ठरवावं असं काही नव्हतं. आप्पा एकदा पायमोज्यांवर बसस्टँडपर्यंत गेले होते. एकदा त्यांनी गॅस सोडून ठेवला होता. कित्येक महिन्यांत तिला सलग झोप नव्हती आणि आप्पा तिला अधूनमधून परकी बाई समजून अदबीनं उभे राहत. हातपाय चालत होते तोवर तिनं केलं. आता जमत नव्हतं, हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं होतं.

पण खोली हळूहळू रिकामी करायची ही युक्ती तिची. दादा म्हणाला होता, एकदाच काय ते उचलू. ती म्हणाली, नको, एकेक वस्तू काढू, म्हणजे त्यांना कळणार नाही. शेवटी खोलीत काही उरलंच नाही, की जायला ते कां कूं करणार नाहीत. त्या वेळी तिला ही माया वाटली होती.

३

पुढच्या रविवारी पुस्तकांची मांडणी गेली, तिच्या मागोमाग टेबल गेलं. खाणीचं ते चित्र आता प्रोग्रॅम तिच्यापुढे आणत नव्हता. तिचं तिनंच ते उघडलं. उघडायला नको होतं, पण ठणकणाऱ्या दाताला जीभ लागतेच.

खाणीत मांडणी होती, टेबल होतं.

टेम्पोवाला इतक्या लांब, इतक्या खडबडीत वाटेनं सामान नेऊन टाकतो, ही एक गोष्ट मानता आली असती. पण टाकलेलं सामान कसं पडतं ते तिला पाठ होतं. रस्त्याच्या कडेला, आडवंतिडवं, गाडीतून ढकललेलं. हे सामान मांडलेलं होतं. कपाट एका बाजूला, त्याला काटकोनात मांडणी. घरी या दोघांच्या मध्ये झाडू ठेवण्यापुरती फट होती. चित्रातही ती फट होती.

सावल्या सगळ्या पूर्वेकडे पडल्या होत्या आणि काही अंतरावर जाऊन एका सरळ रेषेत तुटल्या होत्या. बराच वेळ ती त्या रेषेकडे बघत राहिली. सावली अशी तुटते ती भिंतीपाशी. तिथं भिंत नव्हती. तिथं खाणीचा सपाट तळ होता, पलीकडं झुडपं होती, आणि झुडपांच्या सावल्या आपल्या शहाण्यासारख्या पश्चिमेकडे पडल्या होत्या.

तिनं स्वतःची समजूत घातली. दोन वेगळ्या वेळची चित्रं एकमेकांना जोडताना अशी गफलत होते. होते म्हणजे, होऊ शकते. तिनं जोडणी तपासली. जोड त्या भागातून गेलाच नव्हता. साहेबांना विचारावं, तर आधी 'खोटं' का दाबलं ते सांगावं लागणार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिनं चित्र बंद केलं आणि उरलेले चौकोन झपाट्यानं उरकले. त्यातले काही तिनं न बघताच 'खरं' केले.

४

कचेरीत एक इसम प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करून येई. त्याला फिरत्या म्हणत. गडी मोठा बोलघेवडा. खाणीजवळच्या एका नाल्यावर त्याचं काम निघालं, तेव्हा घारीनं सहज बोलल्यासारखं करून त्याला खाणीतही डोकावून यायला सांगितलं.

दुपारी त्याचा फोन आला.

"आलोय खाणीत. काही नाहीये इथं."

"काहीच नाही? कपाट, टेबल?"

"कागदाचा कपटा नाही. उलट स्वच्छ आहे. बाकी खाणीत ही एवढी धूळ, आणि मध्ये एक चौकोन झाडून काढल्यासारखा. कुणी काढला असेल, देव जाणे."

"गाडीच्या चाकांच्या खुणा?"

"नाहीत." फिरत्या थांबला. पुढं बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "पण जागा बरी आहे. वारा लागत नाही मध्ये. बाहेर एवढा भणभणतोय, इथं आत आलं की एकदम बंद."

"आत म्हणजे?"

"म्हणजे या चौकोनात. मी आत का म्हटलं?" तो हसला, तेही दबक्या आवाजात. "आणि मी हळू का बोलतोय, तेच मला कळत नाहीये. कुणीतरी झोपलेलं असावं तसं. जाऊ दे, निघतो मी."

एरवी फिरत्याचा फोन आपणहून बंद करावा लागे. त्या दिवशी त्यानंच ठेवला. संध्याकाळी कचेरीत आला तेव्हा नाल्याबद्दल भरपूर बोलला, खाणीबद्दल चकार शब्द काढला नाही.

५

टेम्पोवाल्याला तिनं दारातच गाठलं.

"आमचं सामान तुम्ही कुठं टाकता?"

"टाकतो?" टेम्पोवाल्याला ते लागलं. "ताई, सागाचं कपाट कुणी टाकतं का? विकलं मी. एका लॉजवाल्यानं घेतलं, त्याच्या खोलीत आहे. बघायचं असेल तर चला, दाखवतो."

ती गेली. लॉजच्या एका अंधाऱ्या खोलीत कपाट होतं. दाराआत आप्पांचं नाव होतं. तिनं लाकडावर हात ठेवला आणि तिला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. मग बाहेर रस्त्यावर येईपर्यंत ते हायसं वाटणं विरून गेलं. कपाट जर इथं आहे, तर तिकडं काय आहे?

घरी आप्पा खाटेवर उताणे पडून छताकडे बघत होते. आता खोलीत खाटेशिवाय काही नव्हतं, त्यामुळे जरा बोललं तरी आवाज घुमत होता.

"काय बघताय, आप्पा?"

"ती गेली आत्ता?"

"कोण?"

"वरून बघते ती. सकाळी येते." ते तक्रार केल्यासारखं बोलत नव्हते. "आधी मला वाटलं, कुणी ओळखीचं असेल. पण ओळख दाखवत नाही. बघते आणि जाते."

घारीनं वर पाहिलं. छताला एक जुना पंखा होता आणि एक ओलीचा डाग होता, दुसरं काही नव्हतं. स्वतःचाच तिला राग आला. आपण काय काम करतो ते आपणच आप्पांना कधीतरी सांगितलं असणार. त्यांच्या डोक्यात त्याची खिचडी झाली असणार. आजारच तसा आहे.

पांघरूण घालायला ती वाकली, तेव्हा त्यांचे पाय दिसले. तळव्यांना पांढुरकी, बारीक धूळ लागली होती, टाचांच्या भेगांत भरली होती. दगडाची धूळ. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, आज ते उठलेच नाहीत."

तिनं ओल्या फडक्यानं त्यांचे पाय पुसले. आप्पा खुदकन हसले, लहान मुलाला गुदगुल्या व्हाव्यात तसे. खोलीतली फरशी लखलखीत होती. घारीला एकदम रडू कोसळलं आणि आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती कोण, हे त्या वेळी त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

६

दादा आला तो घडीची कॉट घेऊनच. थोडे दिवस आप्पा हिच्यावर निजतील, आणि जुनी खाट आजच काढून टाकू, म्हणजे शेवटच्या दिवशी धावपळ नको. ती काही बोलायच्या आत टेम्पोवाला आणि दादा खाट तिरकी करून दारातून काढत होते. आप्पा भिंतीला टेकून उभे राहून बघत होते. "सावकाश," एवढंच म्हणाले. "तिचा एक पाय लेचा आहे."

खाट गेल्यावर घारीनं दादाला स्वयंपाकघरात नेलं.

"दादा, इतक्यात नको नेऊ या त्यांना."

"म्हणजे? रद्द करायचं?"

तिच्यापुढे रात्री उभ्या राहिल्या. दाराची कडी वाजली की दचकून उठणं, गॅसचा वास आल्याचा भास, अंधारात उभे राहून 'बाई, आपण कोण' असं विचारणारे आप्पा.

"नीट सांग," दादा म्हणाला. तो रागावला नव्हता. तोही थकलेला दिसत होता. "रद्द करायचं, की पुढं ढकलायचं? रद्द म्हणशील तर मी आत्ता फोन करतो. पुन्हा विषय काढणार नाही."

"पुढं ढकलू," घार म्हणाली.

"बघ हां."

"हो. पुढच्या महिन्यात बघू."

दादानं मान हलवली. आप्पांच्या खोलीतून काही आवाज आला नाही. ते दोघं तिथं गेले तेव्हा आप्पा घडीच्या कॉटवर बसले होते, पाहुण्यांच्या घरी बसतात तसे, अगदी कडेला. त्या दिवसापासून ते तिच्याशी फार नम्रपणे वागू लागले. पाणी दिलं तरी आभार मानायचे. आणि रोज संध्याकाळी, खिडकीतून ऊन आलं की विचारायचे, "मला घरी कधी सोडणार?"

"हेच घर आहे, आप्पा."

"हो, हो," ते म्हणायचे. तिचं मन मोडू नये म्हणून म्हणायचे, हे तिला कळायचं.

७

मग एका सकाळी, इतर चौकोनांच्या रांगेत, खाणीवरचा लाल चौकोन परत आला.

येण्याचं काही कारण नव्हतं. त्या जागेकडे प्रोग्रॅम पुन्हा बघणार नव्हता, तशी त्याची रीतच नव्हती. घारीनं चित्र मोठं केलं. कपाट होतं, मांडणी होती, टेबल होतं. आणि पलीकडं, खिडकी असती तर खिडकीच्या समोर, खाट होती. चार पायांपैकी एकाची सावली किंचित तिरकी होती.

खाटेवर काहीतरी लांबट, फिकट पडलेलं होतं. इतक्या उंचीवरून ती गादीची वळकटी असू शकत होती. ती चादर असू शकत होती. त्याच्या एका टोकाला एक बारीक, उजळ ठिपका होता. तोंड वर केलं की तसा ठिपका दिसतो, कारण उजेड कपाळावर पडतो. बाकी अंग वस्त्रात असतं. ते तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिनं असे ठिपके बघितले होते, शेतांत, रस्त्यांवर, गच्च्यांवर, आणि कधी कुणाला ओळख दाखवली नव्हती.

'खोटं' दाबावं, तर चौकोन पुसला जाणार आणि त्या जागेकडे पुन्हा कुणीही बघणार नाही, कधीच. 'खरं' दाबावं, तर उद्या सकाळी लोडर जाणार. तिसरं बटण नव्हतं. इतक्या वर्षांत ते असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

जेवायच्या सुट्टीत ती जागची हलली नाही. दुपार कलली तेव्हा तिनं घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"आप्पा कसे आहेत?"

"पडलेत. सकाळपासून वर टक लावून बघतायत. खात नाहीत, पीत नाहीत. मघाशी हात वर केला होता, कुणाला बोलावतात तसा."

"त्यांना फोन द्या ना."

"अगं, ते फोन घेत नाहीत. मी कानाशी धरला तर म्हणाले, इथं नाही, तिला वर सांगा." काकू घुटमळल्या. "म्हणाले, वर बसते तिला निरोप द्या. म्हणावं, उन्हात ठेवलंय. तेवढं आत घ्या."

घार हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पडद्याजवळ तिनं बोटही नेलं नाही. आत घ्या. कुठल्या बटणानं? मागं एकेक जण उठू लागला, खुर्च्या सरकल्या, फिरत्या जाता जाता तिच्या टेबलाशी थबकला, पडद्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पाठ वळवून निघून गेला. साहेबांनी दारातून विचारलं, "निघायचं नाही का? एकच राहिलाय ना? राहू दे, तो बघेल."

तिनं पुन्हा घरी फोन लावला. "काकू," ती म्हणाली, "आप्पांना सांगा, मी येते. मी आत्ता येते. त्यांना सांगा, मी रद्द करते सगळं. दादाला मी आत्ता फोन करते."

तिनं हे मनापासून म्हटलं. निदान तिला तसं वाटलं. पण म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे रात्रीची ती कडी वाजली आणि जीभ क्षणभर अडखळली. तेवढंच.

कचेरीतले दिवे विझायला लागले. पडद्यावर चौकोन तसाच होता, लाल. घारीनं कशालाच हात लावला नव्हता. लावायची गरजही उरली नव्हती. प्रोग्रॅम तिच्या मनातलं कधीचं ओळखून होता.

चौकोन हिरवा झाला.